नमुना ९-क मधील चोवीस चौकोन मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. समन्वयक,
विद्यार्थी कार्यस्थळ-भेट उपक्रम,
ब्रोकन ओअर शालेय विभाग,
नॉर्डेल, सस्कॅचेवान.

अर्जदार : कु. सिग्ने हॉगन, इयत्ता नववी. राहणार नदीच्या पश्चिम तीरावर. शाळा पूर्व तीरावर.

विषय : अर्जदाराने स्वहस्ते, शुद्धीवर असताना व चांगल्या अक्षरात भरलेले भेट-नोंदपत्रक भरलेच नव्हते असे समजण्याबाबत.

संदर्भ : १) नमुना ९-क, दि. ५ नोव्हेंबर २०२५ (गुलाबी प्रत). २) ग्रामीण पालिकेचा दि. १२ नोव्हेंबरचा ठराव, जो झालेला नाही.

महोदय (किंवा महोदया, आपल्या दारावरची पाटी गेल्या वसंतापासून कोरी आहे),

१. आधी निकाल सांगते, म्हणजे आपला वेळ वाचेल. बुधवार, दि. १२ नोव्हेंबर रोजी सायंकाळी ग्रामीण पालिकेच्या सभेत लिंडाल फेरीबोट पाच विरुद्ध दोन मतांनी कायमची बंद करण्यात आली. यंदा नदी ज्या दिवशी गोठेल तो बोटीचा शेवटचा दिवस. दरवर्षी ती वसंतात पुन्हा सुरू होते, पुढच्या वसंतात होणार नाही. बावीस हंगाम ती चालवणाऱ्या श्रीमती व्हर्ना टिम्चुक यांचे पदही त्याच दिवशी संपेल.

अर्जदाराच्या मते हे घडलेले नाही. पालिकेच्या लिपिकबाईंकडे चौकशी केली असता त्या म्हणाल्या, "अगं, इतिवृत्त पुढच्या सभेत मंजूर होईपर्यंत सभेत काय झालं ते अधिकृतपणे कुणालाच माहीत नसतं." पुढची सभा १० डिसेंबरला आहे. तोपर्यंत काहीही झालेले नाही असे धरून हा अर्ज करीत आहे. आपणही तसेच धरावे. न झालेल्या गोष्टीबद्दल एवढा लांब अर्ज का, असा प्रश्न आपणास पडल्यास तो रास्त आहे.

२. आपल्या उपक्रमानुसार नववीतील प्रत्येकास एक दिवस कुठल्यातरी कामाच्या जागी पाठवण्यात येते. कोणी कुठे जायचे हे मार्गदर्शन शिक्षक श्री. प्रेंटिस यांच्या टोपीतील चिठ्ठ्यांवर ठरते. अर्जदारास फेरीबोट निघाली. अर्जदार शाळेला रोज त्याच बोटीने येते-जाते. म्हणजे जी जागा अर्जदाराने सातशे-आठशे वेळा पाहिली होती, तीच पुन्हा पाहण्यासाठी तिला खास पाठवण्यात आले. टोपीतील उरलेल्या चिठ्ठ्या दाखवा असे म्हटल्यावर सरांनी टोपी डोक्यावर घातली. ही बाब अर्जदाराने त्याच वेळी लिहून ठेवली आहे.

३. त्यानंतर सरांनी अर्जदारास एक नवीन पेन दिले. अर्जदार या शाळेत बालवर्गापासून आहे. दहा वर्षांत तिला कोणी पेन दिलेले नाही. उलट दोन घेतलेली आहेत.

४. पेनाबरोबर मिळाला तो नमुना ९-क. प्राण्यांच्या दवाखान्यात गेलेल्या वर्गमैत्रिणीच्या नमुन्यात तीन प्रश्न होते व कोपऱ्यात पंजाचे चित्र होते. अर्जदाराच्या नमुन्यात साडेआठ ते साडेतीन या वेळेचे, पंधरा-पंधरा मिनिटांचे, अठ्ठावीस चौकोन होते. वर ठळक अक्षरांत सूचना : 'कर्मचारी काय करीत आहे ते त्यालाच विचारून, त्याच्याच शब्दांत लिहा.' चित्र कुठेही नव्हते. अर्जदारास पहिला संशय तेव्हा आला. परंतु पेन फार छान चालत होते.

५. आता मूळ प्रकरण. अर्जदाराने सूचना तंतोतंत पाळली, आणि सगळा घात तिथेच झाला.

आपण नॉर्डेलचेच असाल तर पुढचे वाक्य सोडून द्यावे. आमच्याकडे कोणीही, काहीही करीत असले आणि त्याला विचारले की काय चाललंय, तर तो 'काही विशेष नाही' असे सांगतो. अर्जदाराच्या आजोबांनी धान्याचे कोठार उभारले तेव्हा छपरावरून त्यांनी हेच सांगितले होते. जो मनुष्य 'मी फार कामात आहे' असे म्हणतो त्याच्याकडे लोक जरा काळजीने पाहतात.

साडेआठ वाजता टिम्चुकबाई बोटीच्या तळफळ्यांखाली पालथ्या पडलेल्या होत्या. बाहेर फक्त बूट दिसत होते. अर्जदाराने बुटांना विचारले, "बाई, आता काय करताय?"

"काही नाही गं पोरी. जरा आडवी झालेय," बूट म्हणाले.

त्या ज्या पोलादी दोराला धरून बोट नदीपार जाते त्याच्या चाकाला वंगण घालीत होत्या. हात कोपरापर्यंत काळा. अर्जदाराने चौकोन क्र. १ मध्ये लिहिले : 'काही नाही. आडवी झाले आहे.'

पावणेनऊला त्या धक्क्यावरचा बर्फ पहारीने फोडीत होत्या. एकेक घाव असा की पलीकडची बदके उडाली. "आणि आता?" "काही नाही, उभी आहे. थंडी वाजते ना उभं राहून, म्हणून आपला हात हलवतेय." चौकोन क्र. २ : 'उभी आहे.'

सव्वादहाला त्यांनी बोट नदीच्या मध्यावर थांबवली. बोटीत पशुखाद्याचा ट्रक होता. ट्रकवाला काच खाली करून ओरडला, "काय गं व्हर्ना, झोप लागली का?" "नदी बघतेय," बाई म्हणाल्या, "बावीस वर्षांत नीट बघायलाच मिळाली नाही." तेवढ्यात शाळेच्या व्यायामशाळेएवढा बर्फाचा तुकडा पुढून वाहत निघून गेला. तो नदीच्या वळणावर असतानाच बाईंनी पाहिला होता. ट्रकवाल्याने काच वर केली. अर्जदाराने चौकोन क्र. ८ मध्ये लिहिले : 'नदी बघत आहे.'

असे एकूण चोवीस चौकोन आहेत. तीन चौकोनांत 'एक वाहन पार नेले' असे आहे, कारण त्या वेळी बाई दोर सांभाळीत होत्या आणि विचारायला संधी मिळाली नाही. ट्रकवालाही खरे तर त्या तिनांत यायला हवा होता; पण बाईंना बोलता आले आणि त्याचे नदी बघणे झाले. एक चौकोन मोकळा आहे. त्याबद्दल पुढे.

६. त्या दिवशी बोटीवर एक अनोळखी गृहस्थ तीनदा येऊन गेले. अर्जदाराचा त्यांच्यावरील संशय पुढील कारणांनी आहे :

त्यांचे बूट स्वच्छ होते. नोव्हेंबर महिना, खडीचा रस्ता, आणि पिकअप गाडीही अशी चकचकीत की तीत अर्जदाराला स्वतःचा चेहरा दिसला. समोरून येणाऱ्या गाडीला ओळख देताना आम्ही स्टिअरिंगवरच्या हाताचे एक बोट उचलतो. यांनी अख्खा हात हलवला, जसा काही बुडणारा माणूस मदत मागतो आहे. टिम्चुकबाईंनी घाबरून बुडणाऱ्याला फेकायचे तरंगते कडे उचलले.

आणि तिसरे, जे अर्जदाराच्या मते पुरेसे आहे : दुपारी बाईंनी सास्काटून बेरीची पाई काढली. अर्जदारास विचारले. अर्जदार "नको" म्हणाली. पुन्हा विचारले. "खरंच नको, आत्ताच जेवलेय." तिसऱ्यांदा विचारले. "बरं, अगदी एवढुसा." हे असेच असते, पहिले दोन नकार पोटासाठी नसतात, माणुसकीसाठी असतात, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा यजमान आमच्या भागात अजून जन्मलेला नाही. मग बाईंनी त्या गृहस्थांपुढे डबा धरला. ते पहिल्याच फटक्यात म्हणाले, "हो, चालेल की!" आणि कडेचा मोठा तुकडा घेतला. टिम्चुकबाई डबा तसाच हातात धरून दोन क्षण उभ्या राहिल्या. दुसऱ्यांदा विचारायचे शब्द त्यांच्या तोंडात तयार होते, त्यांचे काय करावे हे त्यांना कळेना.

नंतर कळले की हे गृहस्थ पालिकेने शहरातून नेमलेले सल्लागार होत.

७. या ठिकाणी श्री. ओटो ब्रॉटन यांची नोंद करणे आवश्यक आहे, कारण नमुन्यात ती नीट झाली नाही.

श्री. ब्रॉटन यांचे वय चौऱ्याऐंशी. राहणार अर्जदाराच्या घरापासून दोन शेते सोडून, पश्चिम तीरावरच. त्यांच्या पत्नी एल्ना पूर्व तीरावरच्या शुश्रूषागृहात आहेत. श्री. ब्रॉटन यांचा गाडीचा परवाना फक्त दिवसा आणि घरापासून तीस किलोमीटरपर्यंत चालतो. बोटीने शुश्रूषागृह अकरा किलोमीटर आहे. पुलावरून एकशे बारा. ते रोज दुपारी पावणेदोनला येतात. शेजारच्या आसनावर पुठ्ठ्याच्या खोक्यात डिझेल असते. डिझेल ही मांजर आहे. एल्नाबाई अलीकडे श्री. ब्रॉटन यांना रोज ओळखतातच असे नाही, पण डिझेलला ओळखतात, आणि खोके कोणी आणले याची चौकशी करतात. तेवढ्यावर श्री. ब्रॉटन यांचे भागते असे ते म्हणतात.

त्या दिवशी ते आले आणि काचेतून म्हणाले, "काय व्हर्ना, अजून बुडाली नाहीस?"

"तुम्ही चढायची वाट बघतेय, ओटो. एकटीनं बुडायला कंटाळा येतो."

"आज डिझेलचं डोकं फिरलंय. हळू ने."

"मी कधी जोरात नेलंय? हिला कप्तानकी शिकवतेय, बघा. नववीची आहे."

"हॉगनांची ना? हिचा आजा एकदा ट्रॅक्टर घेऊन या नदीत गेला होता."

"काठावरच," अर्जदार म्हणाली.

"काठावर कसला! टोपी तेवढी वर होती."

एक पंचेचाळीस ते दोन हाच तो मोकळा चौकोन. तो का मोकळा आहे हे अर्जदार सांगणार नाही. त्या पंधरा मिनिटांत अर्जदाराने कोणत्याही लोखंडी दांडीला हात लावलेला नाही. सोळा वर्षांखालील व्यक्तीने तसे करणे नियमबाह्य आहे, याची अर्जदार व टिम्चुकबाई या दोघींना कल्पना होती. दांडी डावीकडे जड लागते, मध्यावर प्रवाह पायांतून कळतो, आणि धक्का लागायच्या आधी श्वास आपोआप थांबतो, हे सर्व अर्जदारास ऐकून माहीत आहे. मांजर झोपून राहिली.

नमुन्यात या फेरीपुढच्या प्रवासी संख्या या रकान्यात अर्जदाराने 'एक व एक मांजर' असे लिहिले. सल्लागारांच्या अहवालात 'एक' असे आहे. मांजर कोणी, कोणाच्या आदेशाने वगळली, याची चौकशी व्हावी.

८. नमुना भरून ५ तारखेस दिला आणि १२ तारखेस तो सभेच्या पडद्यावर होता. आमच्या शाळेत तपासलेली गणिताची वही परत यायला तीन आठवडे लागतात. एखादे कागदपत्र सात दिवसांत एवढे दूर जाते तेव्हा त्याला कोणीतरी ढकललेले असते.

म्हणून अर्जदाराने श्री. प्रेंटिस यांना गाठले. त्यांचे म्हणणे असे : "अगं सिग्ने, नेहमीचे फॉर्म संपले होते. कपाटात ट्रक-ड्रायव्हरांच्या नोंदवहीची कोरी पानं पडली होती, त्यावर वर दोन ओळी आणि खाली एक प्रश्न टाइप करून दिली. पांढरी प्रत तुला, पिवळी शाळेला, गुलाबी मालकाला. खाली छापलेलंच आहे. बोटीचा मालक कोण? पालिका. मग पालिकेला गेली. यात कट कसला?"

"आणि पेन?"

"पेन बँकेनं फुकट वाटलंय. दोनशे पडलीयत. अजून एक हवंय का?"

इतके सरळ उत्तर तयार ठेवलेले असणे, हेच अर्जदारास संशयास्पद वाटले. तिने दुसरे पेन घेतले आणि तपास चालू ठेवला. तपासात ट्रक-ड्रायव्हरांची नोंदवही, बँक, डिझेलखेरीज सर्व प्रवासी, बदके आणि खुद्द आपले कार्यालय यांचा समावेश होता. (आपल्यावरील संशय अद्याप पूर्णपणे दूर झालेला नाही, परंतु आपल्याविरुद्धचा अर्जही आपल्याकडेच करावा लागतो असे आपल्या कार्यालयाने फोनवर सांगितले.) शेवटी प्रत्येक धागा एकाच जागी जाऊन थांबला. चोवीस चौकोनांतील अक्षर एकाच व्यक्तीचे आहे. खालची सही त्याच व्यक्तीची आहे. 'मालकाला प्रत जाईल' या छापील ओळीवर त्या व्यक्तीने पाईचा डाग पाडलेला आहे. ती व्यक्ती नदीच्या पश्चिमेस राहते आणि नववीत शिकते.

तिच्याशी बोलणे अर्जदारास कठीण जात आहे.

९. सभेचा वृत्तांत. सभा झालेली नसल्यामुळे तो अंदाजाने देत आहे.

पडद्यावर अर्जदाराचे अक्षर भिंतीएवढे मोठे करून दाखवण्यात आले. सल्लागार म्हणाले की अठ्ठावीस चौकोनांपैकी चोवीस चौकोनांत कर्मचाऱ्याने स्वतःच्या तोंडाने आपण काही करीत नसल्याचे सांगितले आहे. म्हणजे शहाऐंशी टक्के वेळ रिकामा. पुढे म्हणाले, प्रश्न क्र. २९, 'हे काम तुम्हाला करायला आवडेल का?' याला विद्यार्थिनीने 'चालेल' असे उत्तर दिले आहे. म्हणजे तरुण पिढीलाही यात विशेष रस नाही. सभागृहात नॉर्डेलचे तीस-चाळीस लोक होते. अर्जदाराच्या आईने 'चालेल' हा शब्द आजवर दोनदाच वापरला आहे : एकदा लग्नाला होकार देताना, एकदा अर्जदार जन्मली तेव्हा. पण उठून तसे सांगायचे म्हणजे स्वतःचा बडेजाव झाला असता. कोणी उठले नाही.

पालिकाध्यक्षांनी विचारले, "व्हर्ना, तुला काही बोलायचंय?"

टिम्चुकबाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. "नाही, तसं काही नाही," त्या म्हणाल्या.

"ओटो, तुमची अडचण होईल का?"

"होईल थोडीफार," श्री. ब्रॉटन म्हणाले. (रात्री परवाना चालत नसल्याने ते आमच्या गाडीतून आले होते.) "भागवू कसंतरी."

मग अध्यक्षांनी चष्म्यावरून अर्जदाराकडे पाहिले. "पोरी, हे तू लिहिलंयस ना? तुला काही सांगायचंय?"

महोदय, मला सांगायचे होते. आडवे होणे म्हणजे काय, उभे राहणे म्हणजे काय, नदी बघणे म्हणजे काय, हे सगळे माझ्या तोंडाशी आले होते. मी म्हणाले, "नाही. ठीक आहे."

आता हे कृपया लक्षपूर्वक वाचावे. अध्यक्षांनी पुन्हा तोंड उघडले. मी पाहिले. ते आमच्यातलेच आहेत, त्यांच्या घरी मी पाई खाल्लेली आहे, दोनदा नाही म्हणून. त्यांना दुसऱ्यांदा विचारायचे होते. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले असते तर टिम्चुकबाई म्हणाल्या असत्या, "तसं थोडं काम असतं म्हणा." तिसऱ्यांदा विचारले असते तर श्री. ब्रॉटन यांनी एल्नाबाईंचे नाव घेतले असते. परंतु तेवढ्यात सल्लागारांनी बटण दाबले आणि पुढचे पान आले. ते खडीबद्दल होते. सगळ्यांनी खडीकडे पाहिले. त्यानंतर मतदान झाले.

बोट पाच मतांनी गेली असे इतिवृत्तात लिहिले जाईल. माझ्या मते ती, प्रश्न एकदाच विचारल्यामुळे गेली.

१०. सभेनंतर घरी जाताना बोटीवर आमची एकच गाडी होती. मी उतरून टिम्चुकबाईंजवळ गेले व म्हणाले, "बाई, चुकलं माझं. ते सगळं माझ्या कागदामुळे झालं."

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "थंडी आहे, गाडीत बस जा."

मी पुन्हा विचारायला हवे होते. मी गाडीत बसले. काचेतून दिसत होते. बोटीचे फाटक त्या नेहमी गुडघ्याच्या एका धक्क्याने लावतात. मी ते बालवर्गापासून पाहते आहे. त्या दिवशी ते त्यांना तिसऱ्या खेपेस लागले. मधे त्या थोडा वेळ फाटकाला धरून नुसत्या उभ्या होत्या. त्या वेळी मी चौकोन भरत असते तर खरेच 'काही नाही' असे लिहावे लागले असते, आणि ते त्यांचे दिवसभरातले सगळ्यात जड काम होते.

११. वरील परिस्थितीत माझ्या मागण्या अशा :

नमुना ९-क मागे घेण्यात यावा. तो घेता येत नसल्यास दि. ५ नोव्हेंबर रोजी मी गैरहजर होते असे दाखवावे. विनापरवानगी गैरहजेरीची शिक्षा भोगण्यास तयार आहे. दोन दिवस धरली तरी चालेल.

सोबत जोडलेला दुरुस्त नमुना त्याच्या जागी धरावा. त्यात मी बाईंना विचारलेले नाही, फक्त पाहिले आहे. चौकोन क्र. १ : दोराचे चाक तपासले, वंगण घातले, हे न केल्यास बोट मध्येच अडकते. चौकोन क्र. २ : धक्क्यावरचा बर्फ फोडला, एकशे चाळीस घाव. चौकोन क्र. ८ : आम्हा तिघांचा जीव वाचवला, ट्रकसह. पुढचेही असेच आहेत. मोकळा चौकोन मोकळाच ठेवला आहे.

प्रश्न क्र. २९ चे उत्तर 'चालेल' हे खोडून 'हो' असे करावे. हा शब्द मी यापूर्वी कधी लिहिलेला नाही. लिहिताना लाज वाटली. तरी करावे. सोळा वर्षे पूर्ण व्हायला मला एक वर्ष सात महिने आहेत, आणि तेव्हा दांडी धरायला बोट जागेवर असावी असे वाटते. आपल्या उपक्रमाचा उद्देश 'विद्यार्थ्यास आपल्या आवडीचे काम सापडावे' असा छापलेला आहे. तो उद्देश सफल झालेला आहे, हे आपण आपल्या वरिष्ठांना कळवू शकता. सापडलेले काम त्याच कागदाने बंद पडले, हे कळवायचे की नाही ते आपण ठरवावे.

तसेच, पालिकेला आपल्या कार्यालयामार्फत असे पत्र जावे की दि. १० डिसेंबर रोजी इतिवृत्त मंजूर करण्यापूर्वी श्रीमती टिम्चुक, श्री. ब्रॉटन व अर्जदार यांना तोच प्रश्न, त्याच क्रमाने, आणखी दोनदा विचारण्यात यावा. मधल्या वेळात कोणी पडद्याचे बटण दाबू नये. पाई मी आणीन.

१२. या अर्जास आपले उत्तर 'नाही' असे येईल याची मला कल्पना आहे. आपण नॉर्डेलचेच असाल तर ते पहिले 'नाही' असे समजून मी हाच अर्ज पुन्हा करीन. त्यालाही 'नाही' आल्यास तिसऱ्यांदा करीन. आपण शहरातून आलेले असाल, तर कृपया पहिल्याच फटक्यात 'हो' म्हणावे, जसे आपल्याकडे म्हणतात.

आपली नम्र, आणि स्वतःच्याच चौकशीत अद्याप न सुटलेली,

(सही) सिग्ने हॉगन
लिंडाल फेरीबोट, पूर्व धक्का (बोट पलीकडे आहे, वाट पाहत लिहिले)
दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) नमुना ९-क, पांढरी प्रत, पाईच्या डागासह.
२) दुरुस्त नमुना.
३) पेने, नग दोन. परत.
४) आज सकाळचे काठाचे छायाचित्र. बर्फाशेजारी माझी पट्टी ठेवली आहे. काल काठापासून बारा सेंटीमीटर रुंद होता, आज एकोणीस आहे.

ता.क. : आपली तीन उत्तरे टपालाने यायला आपल्या नेहमीच्या वेगाने साधारण सहा आठवडे लागतील असा हिशेब आहे. काठावरच्या बर्फाला तेवढा धीर दिसत नाही. तरी तिसरे उत्तर अर्जदाराच्या हाती पडेपर्यंत नदीने गोठण्याची कार्यवाही स्थगित ठेवावी, असे लेखी आदेश संबंधितांस आपल्या स्तरावरून तातडीने देण्यात यावेत, ही विनंती.